पनवेलची लोकल भरली की वाशीच्या पुलावर गाड्या का तुंबतात?

गणपतीत पेणला आमच्या घरी एक भांडण दरवर्षी ठरलेलं. आरती झाली, मोदक पानात पडले की माझा मावसभाऊ आणि त्याचा मेहुणा ओटीवर बसून सुरू होतात. दोघंही नवीन पनवेलला एकाच इमारतीत राहतात, दोघंही फोर्टात नोकरीला. भाऊ लोकलने जातो, मेहुणा गाडीने. भाऊ म्हणतो, "दिवसाला सहाशेचं पेट्रोल जाळून तू माझ्याच वेळेला पोचतोस. येडा आहेस." मेहुणा म्हणतो, "सव्वा तास दुसऱ्याच्या काखेत नाक घालून तू माझ्याच वेळेला पोचतोस. येडा कोण?"

मी बरीच वर्षं दोघांना मोदक वाढत राहिलो. मग कधीतरी लक्षात आलं की दोघांच्याही तोंडी 'माझ्याच वेळेला' हे शब्द आहेत आणि सगळं गणित त्यातच दडलेलं आहे.

गेल्या काही वर्षांत या विषयावरच्या बातम्याही एकामागून एक आल्या. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून समुद्रावरून नवी मुंबईकडे जाणारा अटल सेतू उघडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारातले प्रवासी खाली पडले आणि काही जणांचा जीव गेला. पूल, टोल आणि अपघात या तीन वेगळ्या बातम्या वाटतात. पण रोज सकाळी पनवेलचा माणूस घराबाहेर पडताना जो एक निर्णय घेतो, त्याच्याशी तिन्ही जोडलेल्या आहेत.

## आधी 'भुर्दंड' म्हणजे काय ते बघू

प्रवासाला किती पडतात असं विचारलं तर आपण तिकिटाचा नाहीतर पेट्रोलचा आकडा सांगतो. खरं तर आपण तीन गोष्टी मोजत असतो: पैसा, वेळ आणि त्रास. वाहतुकीचा अभ्यास करणारे या तिघांची एकत्र बेरीज करतात आणि तिला 'जनरलाइज्ड कॉस्ट' म्हणतात. आपण तिला सरळ भुर्दंड म्हणू.

या बेरजेत एक गंमत आहे. घड्याळातलं मिनिट आणि जिवाला जाणवणारं मिनिट वेगळं असतं. घरी खुर्चीत बसून गेलेली दहा मिनिटं आणि पनवेल स्टँडवर रिक्षाची वाट बघत गेलेली दहा मिनिटं सारखी नसतात, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण शास्त्रज्ञांनी ते मोजलं आहे. वाट बघण्याचं आणि चालण्याचं मिनिट साधारण दुप्पट धरतात. गर्दीत बसून गेलेलं मिनिट सव्वापट किंवा थोडं जास्त. चेंगरून उभं राहून गेलेलं मिनिट दुपटीच्या आसपास.

आता ओटीवरचं भांडण कागदावर मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही आपले घाला.

भाऊ घरातून स्टेशनला पंधरा मिनिटं, लोकलमध्ये ऐंशी मिनिटं, उतरून ऑफिसला दहा मिनिटं. घड्याळात १०५. त्याला पनवेलला सीट मिळते, म्हणून ऐंशीची शंभर धरू. आधीची पंधरा आणि नंतरची दहा मात्र चालण्याची आणि वाट बघण्याची, म्हणून दुप्पट, म्हणजे पन्नास. एकूण १५० जाणवलेली मिनिटं. पास स्वस्त असल्यामुळे पैशाचा भाग नगण्य.

मेहुणाही घड्याळात १०५ मिनिटंच घेतो, पण एसी लावून, गाणी ऐकत. त्याच्या बाजूला पैसा येतो. एका फेरीला पंचेचाळीस किलोमीटर, लिटरला पंधराचं अॅव्हरेज, म्हणजे तीन लिटर. लिटरला शंभरच्या वर, तेव्हा ३१० रुपये धरा. ऑफिसात पार्किंग फुकट. (हा मुद्दा तो भांडणात कधीच सांगत नाही.) मेहुण्याच्या एका तासाची किंमत ४५० रुपये असेल, तर ३१० रुपये म्हणजे त्याची ४१ मिनिटं. बेरीज १४६. लोकलच्या १५० पेक्षा कमी. त्याच्यापुरता तो शहाणा.

भावाच्या तासाची किंमत २०० रुपये. त्याला तेच ३१० रुपये ९३ मिनिटांएवढे जड. गाडीने गेला तर बेरीज १९८, लोकलने १५०. तोही शहाणा.

येडा कोणीच नाही. पण एक गोष्ट बदलून बघा. भावाची सीट काढून घ्या. ऐंशी मिनिटं चेंगरून उभं राहायचं म्हटलं तर शंभरची एकशे साठ होतात आणि लोकलची बेरीज २१० वर जाते. गाडीची १९८. इतकी वर्षं मेहुण्याला येडा म्हणणारा भाऊ त्या दिवशी गाडीच्या शोरूममध्ये दिसेल.

## सीट विकत घेणारे लोक

'जाणवलेली मिनिटं' वगैरे कागदावरच्या गोष्टी वाटत असतील, तर संध्याकाळी सहानंतर मस्जिद किंवा डॉकयार्ड रोड स्टेशनवर उभे राहा. पनवेलला जायचं असलेली माणसं सीएसएमटीकडे जाणाऱ्या, म्हणजे उलट दिशेच्या लोकलमध्ये चढताना दिसतील. तिथून तीच लोकल पनवेलकडे वळते आणि ते सीटवर बसलेले असतात. लोकलच्या भाषेत हे 'रिटर्न येणं'.

म्हणजे हा माणूस घरी जाण्यासाठी आधी घरापासून लांब जातो. पंधरा-वीस मिनिटं जास्त घालवतो. दिवसभर काम करून थकलेला माणूस स्वतःच्या वेळेची नोट काढून सीट विकत घेतो आहे. अर्थशास्त्रात याला फार वजन असतं: लोक काय बोलतात त्यापेक्षा ते काय करतात त्यावरून त्यांच्या मनातली किंमत कळते. प्रश्नावली घेऊन फिरायची गरज नाही, प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की पुरे.

आणि विकत काय घेतो आहे? जिथे ती सीट नसते तिथलं चित्र बघा. मुंबईच्या लोकलसाठी रेल्वेच्या लोकांना एक वेगळाच शब्द वापरावा लागला: 'सुपर डेन्स क्रश लोड'. म्हणजे एक चौरस मीटरमध्ये उभी असलेली १४ ते १६ माणसं. घरातला मोठा कॅरम बोर्ड जमिनीवर ठेवा, त्याच्या कडेने चार बोटं जागा वाढवा, आणि त्यात पंधरा माणसं उभी करून दाखवा. एवढ्या दाटीत पंखा असून नसल्यासारखा. मोबाईल खिशातून काढता येत नाही. उतरायचं स्टेशन येण्याआधी तीन स्टेशनं 'उतरना है?' सुरू करावं लागतं.

भुर्दंड स्टेशनागणिक बदलतो, हे इथे नीट लक्षात घ्यावं लागतं. पनवेलला लोकल रिकामी सुटते, तेव्हा पनवेलकराला सीट आहे. पण हार्बरला, म्हणजे पनवेल-सीएसएमटी लोकलच्या मार्गाला, जलद मार्ग नाही, प्रत्येक स्टेशन घेत घेत गाडी जाते, त्यामुळे त्याला वेळ फार. मानखुर्द-गोवंडीच्या माणसाला वेळ कमी, पण सकाळी आठला दाराच्या दांड्याला हात लागेल याची खात्री नाही. पेणहून येणाऱ्याची तिसरीच गत. एसटीने पनवेल स्टँड, तिथून रिक्षाने नाहीतर पाय ओढत स्टेशन, मग लोकल. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसतं. भुर्दंडात मात्र प्रत्येक वाहनबदल म्हणजे पुन्हा वाट बघणं, पुन्हा रांग, पुन्हा सुट्टे पैसे. म्हणून पेण-अलिबागकडे 'एकदा गाडीत बसलं की थेट' हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं. दिवा-रोहा मेमू ही रेल्वेगाडी आहे, पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे तिची वेळ आपल्या वेळेशी जुळली तर. अलिबागला तर प्रवासी रेल्वेच नाही. थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आले, त्यावरून माल जातो, माणूस जात नाही.

## दारात उभी गाडी, खिशातला पास

मेहुण्याला महिन्याला गाडी कितीला पडते विचारलं तर तो पेट्रोलच सांगेल. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर, दरवर्षी घसरणारी गाडीची किंमत, यातलं काही तो रोज सकाळी मोजत नाही. ते पैसे गाडी घेतली त्या दिवशीच गेले. आता गाडी दारात उभी आहे, मग आजचा खर्च फक्त आजच्या पेट्रोलचा. त्याची चूक म्हणता येणार नाही, सगळे असंच मोजतात.

भावाच्या खिशातला पास नेमकी हीच जादू उलट बाजूने करतो. दुसऱ्या वर्गाचा पनवेल-सीएसएमटी महिन्याचा पास जितक्यात येतो, तितक्यात मेहुण्याची गाडी एक दिवससुद्धा जाऊन-येऊन करत नाही. आणि एकदा पास काढला की आजची फेरी फुकट वाटते. पास म्हणजे गरिबाची दारात उभी असलेली गाडी.

म्हणूनच या निवडीचा खरा क्षण रोज सकाळी येत नाही. तो वर्षा-दोन वर्षांत एकदा येतो: गाडी घ्यायची की नाही. मूल झालं, आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं, बायकोची ड्युटी रात्री अकराला सुटते, असं काहीतरी कारण होतं आणि गाडी घरात येते. मग ती ऑफिसलाही जायला लागते. बायकांच्या बाबतीत हे जास्तच खरं, कारण त्यांची फेरी बहुधा घर-ऑफिस-घर अशी सरळ नसते. मध्ये शाळा, भाजी, औषधं, सासऱ्यांचं पेन्शनचं काम. चार थांब्यांची फेरी लोकलने करून बघा.

## वाडीतले दोन पाट

आता 'माझ्याच वेळेला'कडे येऊ.

अलिबागकडच्या अष्टागरातली नारळी-सुपारीची वाडी डोळ्यांसमोर आणा. विहिरीचं पाणी एका हौदात पडतं आणि हौदातून दोन पाट निघतात. एक पाट झावळीच्या पाचोळ्याने तुंबला की हौदातली पातळी चढते आणि दुसऱ्या पाटात जास्त पाणी घुसतं. तुंबलेला पाट साफ केला की दुसऱ्यातलं पाणीही खाली बसतं. दोन पाट वेगळे दिसतात, पातळी एकच असते.

हौद म्हणजे पनवेल. एक पाट म्हणजे लोकल, दुसरा रस्ता. पातळी म्हणजे भुर्दंड. समजा एखाद्या सकाळी रस्ता मोकळा आहे. लोकलमध्ये चेंगरलेल्यांपैकी ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यातले काही रस्त्यावर येतात. रस्ता तुंबू लागतो. कधीपर्यंत? काठावरच्या माणसाला, म्हणजे गाडी की लोकल असं ज्याचं रोज दोलायमान असतं त्याला, दोन्हीकडचा भुर्दंड सारखा वाटेपर्यंत. मग तो थांबतो आणि कोंडीही तिथे स्थिरावते.

१९५२ साली इंग्लंडमधल्या जॉन वॉर्ड्रॉप यांनी ही समतोलाची कल्पना रस्त्यांसाठी मांडली: गर्दी अशा ठिकाणी येऊन थांबते की एकट्याने मार्ग बदलून कोणाचाच फायदा होत नाही. पुढे अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये आणि त्यांच्यानंतर थॉमसन यांनी ती रेल्वे आणि रस्ता यांच्या जोडीला लावली. त्यातून निघालेला निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुन्हा वाचला. गर्दीच्या वेळी रस्त्यावर गाडी किती वेगाने जाईल, हे रस्त्याच्या रुंदीपेक्षा शेजारची रेल्वे किती चांगली आहे त्यावर ठरतं.

वाशीच्या पुलावरची कोंडी हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर ठरते, असा त्याचा पनवेली अर्थ. मेहुणा आणि भाऊ एकाच वेळेला पोचतात ते यामुळे. मेहुणा फार लवकर पोचू लागला, तर भावासारखे आणखी चार जण गाडी काढतील आणि तो पुन्हा उशिरा पोचेल.

## "मग रुंद करा की रस्ता!"

ठाण्याच्या खाडीवर वाशीला पहिला पूल १९७३ मध्ये झाला. तो पुरेना म्हणून १९९७ मध्ये दुसरा. तोही पुरेना म्हणून आता तिसरा. शिवाय दक्षिणेला साडेएकवीस किलोमीटरच्या वरचा अटल सेतू. प्रत्येक वेळी काही काळ मोकळं वाटतं, मग पुन्हा तेच. पूल बांधणाऱ्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही. शहर वाढलं, माणसं वाढली. पण नवा रस्ता स्वतःचं गिऱ्हाईकही तयार करतो. जो लोकलने जात होता तो गाडीने जातो, जो सकाळी सहाला निघत होता तो आठला निघतो, जो पनवेलला घर घेणार नव्हता तो घेतो. पाट रुंद केला आणि शेजारच्या वाडीवाल्याने त्यात आपलं पाणी सोडलं.

याहून वाईट प्रकार कोकणातल्या प्रत्येक गावाने पाहिला आहे. गावात एसटीच्या दिवसाला सहा फेऱ्या. रस्ता चांगला झाला, मिनिडोर आल्या, पोरांनी मोटारसायकली घेतल्या. एसटी रिकामी धावू लागली, म्हणून दोन फेऱ्या बंद. आता दुपारची गाडी नाही, म्हणून आणखी दोघांनी मोटारसायकल घेतली. आणखी एक फेरी बंद. शेवटी सकाळी एक आणि मुक्कामाची एक. रस्ता चांगला झाला आणि गाडी नसलेल्या म्हातारीचा प्रवास वाईट झाला. डाउन्स-थॉमसन यांच्या सिद्धांताचा दुसरा अर्धा भाग हाच आहे आणि तो शिकायला आपल्याला परदेशी जावं लागलं नाही.

अटल सेतूवर मात्र उलट घडलं. तिथे सुरुवातीला अंदाजापेक्षा कमी गाड्या आल्या. कारण पुन्हा भुर्दंड: गाडीला एका बाजूचा टोल २५० रुपये. त्याच वर्षी वाशीच्या नाक्यावरचा टोल शून्य झाला. एक पाट फुकट, दुसऱ्याला अडीचशे. ज्याच्या तासाची किंमत मोठी तो सेतूवर गेला, बाकीचे वाशीला कोंडीत.

## एक लोकल म्हणजे किती गाड्या?

इथे जरा आकडेमोड करू, मला ती आवडते. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल सहज साडेचार हजार माणसं घेऊन जाते. गाडीत सरासरी दीड माणूस धरा. म्हणजे त्या एका लोकलच्या ३,००० गाड्या होतील. प्रत्येक गाडीला, कोंडीत उभी असली तरी, पुढची फट धरून सात मीटर लागतात. ३,००० गुणिले सात म्हणजे २१ किलोमीटर.

अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे. म्हणजे एका लोकलमधली माणसं गाड्यांत बसवली, तर शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत सेतूची जवळपास एक अख्खी लेन उभ्या गाड्यांनी भरते. आणि गर्दीच्या वेळी हार्बरवर पुढची लोकल चारेक मिनिटांत येते. चालत्या गाड्या धरल्या तरी एका लेनमधून तासाला फार तर दोन हजार जातात. तेव्हा एका लोकलची माणसं एका लेनमधून पार व्हायला दीड तास.

## "पण गाडी किती जणांकडे आहे हो?"

रास्त प्रश्न. हार्बरच्या डब्यातल्या बहुतेकांकडे चारचाकी नाही आणि घेण्याची ऐपतही नाही. त्यांच्यापुढे निवड अशी नसतेच. पण वरचं गणित उलटं वाचा. शंभरातल्या चारच माणसांनी लोकल सोडून गाडी काढली, तर डब्यात कुणाला जाणवणारही नाही, पण प्रत्येक लोकलमागे सव्वाशे गाड्या रस्त्यावर वाढतील. काठावरची माणसं थोडी असतात, जागा मात्र अफाट खातात.

शिवाय गाडी म्हणजे चारचाकीच कशाला? पनवेल-नवी मुंबईतली खरी गळती दुचाकीकडे आहे. लिटरला पन्नास जाणारी बाईक घेतली की मघाचा ३१० रुपयांचा आकडा शंभराच्या खाली येतो. मग दोनशे रुपये तासवाल्याचंही गणित फिरतं. पाऊस आणि धूर अंगावर घेत, ट्रेलरच्या चाकाशेजारून सायन-पनवेल हायवेवर जाणारी ही पोरं हौशी नाहीत. लोकलच्या दाराला लटकण्याऐवजी त्यांनी वेगळा धोका निवडला आहे. अटल सेतूवर दुचाकीला बंदी, तेव्हा ही सगळी गर्दी वाशीच्याच पुलावर.

## "सगळ्या लोकल एसी करा ना मग"

हा उपाय अर्धा बरोबर आहे आणि त्याची परीक्षाही झाली आहे. ५ मे २०२२ पासून एसी लोकलचं एकेरी तिकीट साधारण निम्म्यावर आणलं. तोपर्यंत मोकळ्या धावणाऱ्या एसी गाड्या भरू लागल्या. भुर्दंड कमी केला की माणूस येतो, हे यातून दिसलं.

पण ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याला आणि बदलापूरला प्रवाशांनी आंदोलन केलं. कारण रुळावर एका गाडीमागून दुसरी किती अंतराने धावू शकते याला मर्यादा आहे. गर्दीच्या वेळी वेळापत्रकातले सगळे रकाने भरलेले असतात. एसी लोकल आली ती साध्या लोकलच्या जागी. जो एसीचे पैसे देऊ शकत नव्हता त्याची नेहमीची गाडी गेली आणि मागच्या गाडीत दुप्पट गर्दी झाली. नव्याने सुरू केलेल्या दहा एसी फेऱ्या मध्य रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या.

मुंब्र्याच्या अपघातानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं ठरलं. दारं बंद झालीच पाहिजेत, त्यावर दुमत नसावं. पण आज जे दारात लटकतात ते उद्या कुठे जाणार? डब्यात जागा नाही म्हणूनच ते दारात आहेत. म्हणून दारांआधी गाड्या वाढायला हव्यात: डबे पंधरा, दोन गाड्यांतलं अंतर कमी करणारी सिग्नल यंत्रणा, नवे मार्ग. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम त्यातलंच. हे सगळं पुलासारखं फोटोत उठून दिसत नाही, उद्घाटनाला फीत कुठे बांधायची हाही प्रश्नच.

सगळ्यात स्वस्त उपाय रुळांवर नाहीच, ऑफिसात आहे. दुपारी एकच्या पनवेल लोकलमध्ये पाय पसरून बसता येतं. साडेनऊऐवजी अर्ध्या ऑफिसांनी साडेअकराला दार उघडलं, तर एक रुपयाचं सिमेंट न लावता पातळी खाली येईल. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबईतल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना अशा दोन वेळा दिल्या आणि इतरांनाही तसं आवाहन केलं.

## "टोल लावा, गाडीवाले आपोआप येतील"

सिंगापूरने १९७५ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेतले. लंडनने २००३ मध्ये. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग केला, वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाली, आणि पुढच्या वर्षी हे शुल्क कायम केलं. आपण २०२४ मध्ये नेमकं उलट केलं.

टोलमाफीवर टीका करणं सोपं आहे. पण स्टॉकहोमने आधी काय केलं ते बघा. पैसे घेणं सुरू होण्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २००५ मध्ये, त्यांनी जादा बस रस्त्यावर आणल्या. गाडीतून उतरलेल्या माणसाला बसायला जागा तयार होती. मेहुण्याकडून उद्या वाशीला दोनशे रुपये घेतले आणि तो लोकलला आला, तर सीट कोणाची जाणार? भावाची.

## गणपतीचा हायवे: हाच हिशेब, पाचशे किलोमीटरवर

कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते आहे, पण रोहा ते वीर सोडला तर बहुतेक मार्ग एकेरी. समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात थांबायचं. त्यामुळे गणपतीत कितीही जादा गाड्या सोडल्या तरी रुळाची मर्यादा येते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रतीक्षा यादी लागते. तिकीट मिळालं नाही की चार भाऊ मिळून गाडी करतात. त्या सगळ्या गाड्या २०११ पासून रुंद होत असलेल्या, अजून होतच असलेल्या मुंबई-गोवा हायवेवर येतात, आणि माणगावला तीन तास. माणगावची कोंडी दादरच्या तिकीट खिडकीवर जन्माला येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोकण रेल्वेने गाडीसकट माणूस रेल्वेने न्यायचा प्रयोग केला: कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत, गाडीला ७,८७५ रुपये. कल्पना झकास. प्रतिसाद थंड. आता तुम्हीच भुर्दंड मोजा. पनवेल ते कोलाड हा हायवेचा रडका भाग आधी स्वतः चालवायचा. स्टेशनवर तीन तास आधी हजर. रात्रभर प्रवास. आणि ज्याचं घर चिपळूणला त्याला झोपेत घरावरून पुढे नेऊन थेट गोव्यात उतरवायचं. पुढे नांदगावचा थांबा दिला, तेव्हा निदान कणकवलीवाल्याची सोय झाली.

## ओटीवर यंदा

यंदा मी दोघांना हे गणित वर्गणीच्या पावतीमागे लिहून दाखवलं. १५०, १४६, १९८. भाऊ खूश, मेहुणाही खूश, दोघंही शहाणे ठरले होते. मग सीट गेल्यावरचा २१० चा आकडा दाखवला.

भाऊ बराच वेळ पावतीकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे माझी सीट गेली तर मी गाडी घेऊन तुझ्याच पुढ्यात उभा."

मेहुण्याने हातातला मोदक खाली ठेवला. "तू सीट सोडू नकोस बाबा," तो म्हणाला, आणि तुपाची वाटी भावाकडे सरकवली.